गिअरबॉक्स उतरवण्याआधी: जुन्या गाडीच्या हायड्रॉलिक क्लचची तपासणी आणि दुरुस्ती

संध्याकाळी सातची वेळ, नाशिकच्या द्वारका चौकातली गर्दी. क्लच पूर्ण दाबलेला, पहिला गिअर टाकलेला, आणि गाडी आपली आपणच पुढच्या रिक्षाकडे सरकायला लागली. ब्रेक मारला तर आचका देऊन इंजिन बंद. मागचे हॉर्न तुम्ही ऐकलेच असतील, नाशिकमध्ये राहत असाल तर.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये नेली. बॉनेट न उघडताच निकाल मिळाला, "प्लेट गेली." वीस वर्षांची डिझेल गाडी, गेली असेल बाबा, असं मलाही वाटलं. गिअरबॉक्स उतरला, प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा अख्खा सेट पडला. आठवडाभर गाडी बरी चालली आणि पुन्हा तेच. मग एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. ते गाडीखाली शिरले आणि गिअरबॉक्सच्या बगलेला असलेल्या छोट्या सिलिंडरचा रबरी बूट त्यांनी बोटाने मागे सारला. आतून काळं ऑईल टपकन कपाळावर पडलं. कपाळ पुसत त्यांनी एवढंच विचारलं, "काढलेली प्लेट दाखवली होती का तुम्हाला?"

नव्हती दाखवली. आठवडाभर गाडी का चालली तेही मग कळलं. गिअरबॉक्स बसवताना पहिल्या गॅरेजवाल्यांनी ऑईल भरून आतली एअर काढली होती, तेवढ्यावर ती तगली. तेव्हापासून हे काम मी स्वतः करतो. त्यातला बराचसा भाग तपासणीचाच आहे, आणि तो फुकट आहे.

कोणती गाडी, कसला क्लच

मारुती ८०० सारख्या गाडीत क्लचला केबल असते, तिच्यासाठी हा लेख नाही. सुमो, क्वालिस, स्कॉर्पिओ (ही तर २००२ पासून आपल्या नाशिकच्याच कारखान्यातून बाहेर पडली) या गाड्यांत केबलऐवजी ऑईल, म्हणजे ब्रेकमध्ये असतं तेच ब्रेक ऑईल, काम करतं. पेडल दाबलं की दांडी मास्टर सिलिंडरचा, म्हणजे वरच्या सिलिंडरचा पिस्टन ढकलते. ऑईल पाइपातून खालच्या स्लेव्ह सिलिंडरला जातं, त्याचा पिस्टन फोर्कला रेटतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या दाबून क्लचची प्लेट फ्लायव्हीलपासून, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चकतीपासून, मोकळी करतं. ऑईल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. त्यामुळे आत हवा शिरली किंवा ऑईल बाहेर पडलं, की पायाने दिलेली हालचाल खाली पोहोचता पोहोचता अर्धी होते.

आधी तक्रार ओळखा

"क्लच खराब झालाय" या एका वाक्यात दोन उलट आजार लपलेले असतात. एकात क्लच सुटत नाही: गिअर अडकतात, रिव्हर्स टाकताना दातांचा कर्रर्र आवाज येतो, गाडी पुढे ओढते. दुसऱ्यात क्लच धरत नाही: चौथ्या गिअरला चढ चढताना इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही आणि करपल्याचा वास येतो. हायड्रॉलिकचा दोष बहुतेक वेळा पहिल्या प्रकारात असतो. प्लेट झिजली असेल तर सहसा दुसरा प्रकार दिसतो. माझी गाडी सुटत नव्हती, आणि बदलली प्लेट!

सपाट जागी, हँडब्रेक ओढून हे चार प्रयोग करा.

इंजिन बंद असताना सगळे गिअर टाकून पाहा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि सुरू असताना अडतात, तर गिअरबॉक्स ठीक आहे, क्लच सुटत नाही.

इंजिन सुरू करा, पेडल तळाला न्या, मनात पाच मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच जुन्या गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (दातांचा वेग जुळवून घेणारं कडं) नसतो, त्यामुळे प्लेट थोडी जरी फिरत राहिली तरी तो लगेच ओरडतो.

आता पेडल भराभर चार वेळा मारून पुन्हा टाका. या वेळी गिअर गुपचूप पडला तर नव्वद टक्के उत्तर मिळालं: आत एअर आहे किंवा सिलिंडरमधला एखादा वॉशर (पिस्टनवरचा रबरी सील) ऑईल मागे सोडतोय.

शेवटी पहिला गिअर टाकून, ब्रेकवर पाय ठेवून, क्लच तळाला धरून अर्धा मिनिट थांबा. सुरुवातीला शांत असलेली गाडी हळूहळू ओढू लागली, म्हणजे दाब कुठून तरी गळतोय. द्वारकेला माझं हेच झालं होतं.

यातही एक हास्यास्पद कारण आधी बाद करा. आमच्या आईने पाय घसरू नये म्हणून रबरी मॅटवर काथ्याचं पायपुसणं टाकलं होतं. पेडलचा खालचा दीड-दोन सेंटिमीटरचा प्रवास तिथेच संपत होता. पेडलखालचं सगळं उचला, मगच निदान करा.

बॉनेट उघडल्यावर

ऑईलची डबी शोधा. काही गाड्यांत क्लचची वेगळी छोटी डबी असते, काहींत ब्रेक आणि क्लच एकाच डबीतून पितात. क्लचची नळी अशा डबीला वरच्या बाजूला जोडलेली असते, म्हणजे क्लचचं ऑईल गळून गेलं तरी ब्रेकपुरतं खाली राहावं. तरीही सामाईक डबीची पातळी उतरत असेल तर ती ब्रेकचीही बाब समजून गाडी उभी करा.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना उलटी वाटते. ब्रेकचे पॅड झिजले की डबीतलं ऑईल उतरतं, कारण पिस्टन बाहेर येऊन जागा वाढते. क्लचमध्ये उलट. प्लेट झिजली की प्रेशर प्लेटच्या पाकळ्या गिअरबॉक्सकडे सरकतात, स्लेव्हचा पिस्टन आत ढकलला जातो आणि ऑईल किंचित वर डबीत परत जातं. म्हणून क्लचच्या स्वतंत्र डबीतलं ऑईल कमी होत असेल, तर "प्लेट झिजली म्हणून उतरलं" हे स्पष्टीकरण ऐकून घेऊ नका. ते गळतंय.

कुठून? पहिली जागा गाडीच्या आत. पेडलच्या वर, जिथे दांडी फायरवॉलमधून मास्टर सिलिंडरमध्ये शिरते, तिथे बॅटरी मारून पाहा आणि बोट फिरवा. ओलं, बुळबुळीत लागलं किंवा खालचं कार्पेट चिकट झालं असेल तर मास्टरचा मागचा वॉशर गेला. बाहेरच्या बाजूला सिलिंडरखालचा रंग पापुद्र्यासारखा सुटलेला दिसला तरी तेच, कारण हे ऑईल रंग खातं. मग पाइपाचे सांधे, आणि शेवटी खालच्या सिलिंडरचा बूट. बूट बाहेरून कोरडा दिसतो म्हणून फसू नका, मागे सारून आत पाहा.

गळलेलं ऑईल कसलं हे कळत नसेल तर दोन थेंब पाण्याच्या वाटीत टाका. ब्रेक ऑईल पाण्यात विरघळतं. इंजिन ऑईल आणि गिअर ऑईल वर तरंगतं, शिवाय गिअर ऑईलला गंधकासारखा उग्र वास असतो. गिअरबॉक्स आणि इंजिनच्या सांध्याखालून तरंगणारं ऑईल येत असेल, तर ते प्लेटवरही गेलं असण्याची शक्यता आहे. मग क्लच न धरण्याची तक्रार तिथून आलेली असू शकते.

गाडीखाली: सगळ्यात महत्त्वाची दहा मिनिटं

गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. चाकांना दगड नव्हे, लाकडी ठोकळे लावा आणि चासीखाली दोन्ही बाजूंना घोड्या (जॅक स्टँड) द्या. इंजिन बंद.

कोणाला तरी पेडल दाबायला बसवा. आमच्याकडे हे काम भाच्याकडे असतं. तुम्ही खालून स्लेव्ह सिलिंडरच्या दांडीकडे पाहा आणि शाळेची पट्टी धरून ती किती सरकते ते मोजा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. ढोबळमानाने बारा ते वीस मिलिमीटर सरकत असेल तर वरून खाली हालचाल नीट येतेय. सहा-सात मिलिमीटरवर थांबत असेल तर दोष हायड्रॉलिकमध्ये आहे आणि गिअरबॉक्स उतरवायचं काही कारण नाही.

दांडी पूर्ण सरकते आणि तरीही क्लच सुटत नाही, तर मात्र बिघाड आतला: वाकलेला फोर्क, तुटलेली पाकळी, किंवा फ्लायव्हीलला चिकटलेली प्लेट. हा शेवटचा प्रकार आपल्याकडे पावसाळ्यात दिसतो, त्यातून गाडी त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला महिनाभर उघड्यावर उभी असेल तर जास्तच. गंज धरून प्लेट चिकटते. इंजिन तापवून बंद करा, मोकळ्या मैदानात, समोर कोणी नसताना, क्लच दाबून गिअरमध्येच स्टार्टर मारा आणि पेडल दाबूनच ॲक्सिलरेटर देत-सोडत चाला. बऱ्याचदा फट् करून सुटते. नाही सुटली तर गॅरेज.

वरचा की खालचा?

बूट ओला असेल तर उत्तर समोर आहे. बाहेर कुठेच थेंब नाही, डबीही भरलेली, तरी पेडल बसतंय, तेव्हा घोळ होतो. अशा वेळी मास्टरच्या आतला वॉशर ऑईल पुढे ढकलण्याऐवजी स्वतःच्याच बाजूने मागे सोडत असतो.

खात्री करायला रबरी होज पाइप गोल कडांच्या क्लॅम्पने बंद करा आणि पेडल दाबा. पेडल दगडासारखं कडक झालं आणि तसंच राहिलं, तर मास्टर चांगला आहे. एअर किंवा दोष क्लॅम्पच्या खाली. क्लॅम्प असूनही पेडल हळूहळू बसत गेलं, तर मास्टर गेला किंवा त्याच्यात एअर आहे. साध्या पक्कडीने होज चिमटू नका, आतून फाटतो. खरं तर वीस वर्षांचा होज या कामात बदलूनच टाकावा. पेडल दाबताना तो सापासारखा फुगताना दिसला तर हालचाल तिथेच जिरते. उलट आतून सुजून बंद झाला तर पेडल सोडल्यावर ऑईल परत यायला वेळ लागतो आणि क्लच उशिरा धरतो.

पेडलची दांडी आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात किंचित मोकळीक हवी. ती अजिबात नसेल तर ऑईल डबीत परत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, आत दाब साठतो आणि प्लेट चांगली असूनही क्लच घसरतो. पेडल कडक करून देतो म्हणत कोणी ही दांडी लांब केलेली असते. जास्त मोकळीक असेल तर प्रवास वाया जातो. पेडलची पिन आणि तिचं भोकही पाहा, झिजून अंडाकृती झालेलं भोक मी दोन गाड्यांत पाहिलंय.

ऑईलबद्दल थोडं हट्टाने

डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं, तेच घाला. डॉट ३ नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० अंशांना. पाणी शोषल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. हवेतलं पाणी ओढून घेणं हा या ऑईलचा स्वभावच आहे आणि त्या पाण्याने सिलिंडर आतून गंजतो. त्यामुळे सीलबंद बाटली घ्या आणि दर दोन वर्षांनी ऑईल बदला. क्लचचं ऑईल बदलायचं असतं हे आपल्याकडे कोणाच्या गावीही नसतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं प्रकरण आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका.

आणि हायवेवर अडलो म्हणून इंजिन ऑईल किंवा स्टिअरिंगचं ऑईल डबीत कधीही ओतू नका. आतले रबर फुगून लोळागोळा होतात. सामाईक डबी असेल तर ब्रेकचेही. मग एक सिलिंडर नाही, सगळी लाइन बदलावी लागते.

सिलिंडर काढणं

आदल्या रात्री पाइपाच्या नटवर आणि ब्लीडिंगच्या निपलवर (स्लेव्हवरची एअर काढायची बारीक तोटी) गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. एवढ्या एका आळसापायी निपल तुटतात. पाइपाचा नट उघड्या पान्याने गोल होतो, त्यासाठी खाच असलेला फ्लेअर पाना मिळतो, तोच वापरा. निपलला सहा कोनांचा सॉकेट.

डबीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून झाकण घट्ट लावा, म्हणजे पाइप सुटल्यावर ऑईल कमी वाहतं. पाइप सैल करा, दोन बोल्ट काढा, सिलिंडर हातात येतो. आता गाडीत बसलेल्याला बाहेर बोलवा. पाइप न सोडता नुसता सिलिंडर बाजूला केला असेल आणि कोणी सवयीने क्लच दाबला, तर पिस्टन गोळीसारखा सुटतो.

किट (आतल्या रबरी वॉशरांचा संच) टाकायचं की नवा सिलिंडर? आतली भिंत स्वच्छ पुसून उजेडात नखाने तपासा. आरशासारखी असेल तर किट चालेल. नखाला खड्डा लागला तर नवाच घ्या. सातपूर-अंबडमध्ये लेथवाल्यांना तोटा नाही, "आतून होन करून देतो", म्हणजे भिंत घासून गुळगुळीत करून देतो, असं सांगणारा कोणीतरी ओळखीचा निघतोच. ॲल्युमिनियमच्या सिलिंडरवर ते करू नका, नवा वॉशर महिन्याभरात फाटतो. किट बसवताना वॉशरच्या ओठाचं तोंड ऑईलच्या बाजूला, आणि लावायला फक्त ताजं ब्रेक ऑईल, ग्रीस नाही. पाइप बंजो बोल्टचा (मधून ऑईल जाणारा पोकळ बोल्ट) असेल तर तांब्याचे वॉशर नवे.

मास्टरही असाच निघतो: पेडलची पिन, पाइप, फायरवॉलचे दोन नट. काम मान मोडणारं आहे, कारण पेडलखाली उलटं झोपावं लागतं. बसवण्याआधी तो व्हाइसमध्ये धरून, ऑईल भरून, दांडी हळू दाबत आतली हवा काढून घ्या, पुढचा अर्धा तास वाचतो.

माझं मत विचाराल तर दोन्ही एकदमच बदला. एकाच वयाचे, एकच घाण ऑईल प्यायलेले. एक बदलला की दोन महिन्यांत दुसऱ्याचा नंबर लागतो आणि एअर काढायचं काम पुन्हा पहिल्यापासून.

एअर काढणं

निपलवर पारदर्शक नळी बसवा, दुसरं टोक थोडं ऑईल असलेल्या बाटलीत बुडवा. डबी भरा. मग खालून ओरडायचं, "दाब", वरून "दाबलं" असं उत्तर आलं की निपल अर्धा फेरा उघडायचा, ऑईल आणि बुडबुडे येऊ द्यायचे, बंद करायचा, आणि मगच "सोड". पायाची घाई नको, जोरजोरात पंप मारला की ऑईलला फेस येतो.

पहिल्या दोन-तीन वेळा वरून हमखास आवाज येतो, "मामा, पेडल खालीच राहिलं!" काही बिघडलेलं नाही, त्याला हाताने वर ओढायला सांगा. दर पाच-सहा वेळांनी डबी पाहा. ती एकदा रिकामी झाली की सगळं मुसळ केरात.

वीस-पंचवीस वेळा करूनही पेडल मऊ लागत असेल तर निपल कुठे आहे ते पाहा. तो सिलिंडरच्या सगळ्यात उंच जागी नसेल तर हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते. सिलिंडरचे दोन बोल्ट काढा (पाइप तसाच), निपल आकाशाकडे येईल असा धरा, दांडी हाताने हळू आत ढकला आणि धरून ठेवा. डबीत बुडबुडे येताना दिसतील. दुसरा उपाय उलटा: मोठ्या सिरिंजने निपलमधून खालून वर ऑईल ढकलायचं. हवेला वरच जायचं असतं, तिला वाट दिली की झालं. मला हाच प्रकार आवडतो, आणि भाच्यालाही, कारण त्याला बसायला लागत नाही. फक्त डबी आधी थोडी रिकामी करून घ्या, नाहीतर ऑईल उतू जाऊन रंगावर सांडतं. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

निपल हलक्या हाताने घट्ट करा, त्याचे आटे नाजूक असतात. मग सुरुवातीचे चारही प्रयोग पुन्हा करा, दांडीचा प्रवास पुन्हा मोजा. रात्री खाली वर्तमानपत्र अंथरा. दोन दिवस गंगापूर रोडवरच फिरा, बूट पुन्हा उलटा करून पाहा, आणि मगच सप्तशृंगीच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात न्या.

घाटात पेडल बसलंच तर

आधी पंप मारून पाहा, एखादा गिअर तरी पडतो. नाहीच, तर सुरक्षित सपाट जागी इंजिन बंद करा, पहिला गिअर टाका, समोर मोकळं असल्याची खात्री करून गिअरमध्येच स्टार्टर मारा. गाडी धक्के देत निघते. गॅरेजपर्यंत पहिल्या-दुसऱ्यावर, थांबायची वेळ आली की इंजिन बंद. चढावर, गर्दीत किंवा डबी सामाईक असून ऑईल संपलं असेल तर हे अजिबात करू नका, टो करणाऱ्याला बोलवा.

गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर

काही गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बाहेर नसतोच, गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती कड्यासारखा बसवलेला असतो. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवण्यावाचून इलाज नाही. मग प्लेट, प्रेशर प्लेट आणि तो सिलिंडर एकाच वेळी बदला, कारण मजुरीच खरा खर्च आहे. याच हिशेबाने, प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरला असेल तर आतला सिलिंडर जुना ठेवू नका.

आणि काढलेली प्लेट बघायला मागा. तिच्यावरच्या रिव्हेटची डोकी घासल्या जाणाऱ्या थरात खोल बसलेली दिसली तर तिच्यात जीव होता. थराच्या बरोबरीला आली असतील तर ती खरंच संपली होती. माझी प्लेट बघायला मी त्या पहिल्या गॅरेजात परत गेलो होतो. म्हणाले, भंगारात गेली.